बाल्टिकची क्रूझ निवडताय? शहराचं नाव सोडा, आधी धक्का बघा

आमच्या पहिल्या बाल्टिक क्रूझच्या माहितीपत्रकात "स्टॉकहोम, सकाळी ८ ते संध्याकाळी ५" असं छापलेलं होतं आणि मी ते वाचून घरभर सांगत सुटले की बघा, चांगले नऊ तास आहेत, आईला पण निवांत फिरवता येईल. त्या दिवशी सकाळी पडदा सारला तर समोर राजवाडा नाही, मनोरे नाहीत, काही नाही. पाइनची झाडं, चार-पाच लाल लाकडी घरं आणि एक छोटंसं बंदर. गावाचं नाव नीनेसहाम, स्टॉकहोम तिथून साधारण ६० किलोमीटर. म्हणजे सीएसएमटी सांगून अंबरनाथला उतरवलं असं समजा. त्यातून जहाज धक्क्याला लागलंच नव्हतं, लांब पाण्यात नांगर टाकून उभं, मग छोट्या बोटीने किनाऱ्यावर जायचं, त्यासाठी नंबराची चिठ्ठी, मग रांग, मग लोकल ट्रेनने तासभर. शहरात पोचेपर्यंत साडेअकरा आणि जहाज सुटेल या भीतीने दोनलाच परत निघालो. कंपनीला शिव्या घालायची सोय पण नव्हती, कारण बारीक अक्षरात नीनेसहाम लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा सगळं उलटीकडून केलं. आधी धक्का बघितला, मग तास बघितले आणि जहाज कुठलं, त्यावर स्विमिंग पूल किती हे सगळ्यात शेवटी. ज्यांनी अजून क्रूझ केलीच नाहीये किंवा फार तर मुंबई-गोवा केलीये त्यांच्यासाठी तोच क्रम इथे लिहितेय.

पहिलं काम: नकाशा उघडा

बाल्टिक म्हणजे उत्तर युरोपातला जवळजवळ सगळीकडून जमिनीने वेढलेला समुद्र. काठावर राजधान्या अशा ओळीने बसल्यात की जहाज रात्री चालतं आणि सकाळी तुम्ही दुसऱ्या देशात. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, टालिन, रीगा. ओस्लो खरं तर बाल्टिकवर नाही, पण बऱ्याच क्रूझमध्ये तेही जोडलेलं असतं. हेलसिंकी ते टालिन मधलं पाणी तर फक्त ८० किलोमीटर, रोज लोक फेरीने दोन तासात जाऊन-येऊन करतात.

मला हा भाग आवडायचं मुख्य कारण म्हणजे हवा. जून ते ऑगस्ट दुपारी २०-२२ अंश, रात्री १२-१४. आईला ठाण्यात मे महिन्यात खाली भाजी आणायला जाववत नाही, ती तिथे पाच-पाच तास चालली. आणि दुसरं, समुद्र बराच शांत. भरती-ओहोटी जवळपास नाहीच, उन्हाळ्यात लाटा पण बेताच्या, त्यामुळे "मला बोट लागते" म्हणणाऱ्यांनी पहिली क्रूझ इथे करायला हरकत नाही. वारा सुटला की डुलतंच थोडं, गोळी जवळ ठेवा.

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून मात्र ठरवू नका. २०२२ च्या आधी बाल्टिक क्रूझ म्हटलं की सेंट पीटर्सबर्ग हाच मुख्य पदार्थ असायचा, दोन-दोन दिवस जहाज तिथे थांबायचं आणि अधिकृत टूरबरोबर उतरलात तर ७२ तासांपर्यंत रशियाचा व्हिसा पण लागायचा नाही. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी तिथे जाणं बंद केलं. ती जागा आता रीगा, विस्बी, क्लायपेडा, ग्डिनिया अशा बंदरांनी भरलीये. काही ठिकाणी नुसता "समुद्रावर एक दिवस" टाकून दिलाय, तेव्हा मोजून बघा की सात रात्रींत जमिनीवर पाय किती दिवस लागणारेत. पाचपेक्षा कमी असले तर मी तरी पुढे बघतच नाही.

आणि एक सापळा सांगून ठेवते. यादीत "बर्लिन" दिसलं की हुरळून जाऊ नका, बर्लिनला समुद्र नाहीये! जहाज लागतं वार्नेम्युंडेला, तिथून बर्लिन जायला अडीच-तीन तास आणि यायला तेवढेच. दिवसभर बसमध्ये बसून ब्रँडेनबर्ग गेटसमोर फोटो काढायचा असेल तर जा. नाहीतर त्या दिवशी वार्नेम्युंडेच्या वाळूवर फिरा किंवा शेजारच्या रोस्टोकला जा, कमी थकाल.

दुसरं: धक्का आणि तास

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा वेळ घालवा. वेळापत्रकात शहराच्या नावापुढे कंसात किंवा खाली बारीक अक्षरात दुसरं नाव आहे का बघा. "स्टॉकहोम (नीनेसहाम)", "ग्दान्स्क (ग्डिनिया)", "बर्लिन (वार्नेम्युंडे)". दुसरं नाव दिसलं की तेच खरं बंदर समजायचं, पहिलं नाव जाहिरातीपुरतं.

नाव एकच असलं तरी शहरात धक्के दोन-तीन असतात. त्यासाठी बंदरांच्या स्वतःच्या वेबसाइट बघायच्या. स्टॉकहोम, हेलसिंकी, टालिन ही बंदरं कुठल्या तारखेला कुठलं जहाज येणार, किती वाजता, कुठल्या धक्क्यावर याची यादी टाकतात. एजंटला विचारलंत तर तो म्हणेल "मॅडम, सेंटरलाच आहे", यादी खोटं बोलत नाही. दुसरा फायदा असा की त्या दिवशी अजून किती जहाजं येणारेत ते पण कळतं. टालिनचं जुनं शहर केवढंसं, त्यात तीन मोठी जहाजं एकदम लागली की चौकात गणपतीच्या आदल्या दिवशीचं दादर होतं.

ढोबळ चित्र असं. टालिन सगळ्यात सोपं, जहाजातून उतरा आणि पंधरा-वीस मिनिटं चाला की जुन्या शहराच्या भिंतीशी पोचता, टॅक्सी-टूर कशालाच पैसे घालवू नका. ओस्लोत बरीच जहाजं आकर्सहुस किल्ल्याच्या थेट पायथ्याशी लागतात, डेकवरूनच तटबंदी दिसते. रीगाला जहाज नदीतून आत येतं आणि जुनं शहर चालत जाण्याइतकं जवळ असतं. हेलसिंकीत मोठी जहाजं हेर्नेसारीला किंवा पश्चिम बंदरात, मध्यवर्ती भागापासून तीनेक किलोमीटर, बस-ट्रामने काम होतं. कोपनहेगनला लांगेलिनी हा जुना धक्का शहराला लागून, तिथून जलपरीचा पुतळा चालत, पण मोठी जहाजं ओशनकाय नावाच्या नव्या धक्क्याला लागतात, तो लांब पडतो, बॅगा घेऊन चालायचा विचार सुद्धा करू नका.

आणि स्टॉकहोम. इथेच खरी निवड होते. स्टॉकहोमच्या बाहेर समुद्रात बेटंच बेटं आहेत, लहानमोठी धरून ३०,००० च्या घरात मोजतात, आणि शहराच्या धक्क्यापर्यंत येणारं जहाज तीन-चार तास या बेटांमधून वाट काढत येतं. नीनेसहामला लागणाऱ्या जहाजाला यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणजे धक्का चुकला की नुसते तास जात नाहीत, त्या सगळ्या प्रवासातला सगळ्यात सुंदर भाग पण जातो.

दुसऱ्या खेपेला मी पहाटे पावणेपाचला डेकवर जाऊन उभी राहिले, लख्ख उजेड होता, अंगात स्वेटर, वर विंडचीटर, हातात कागदी कपातला बेचव चहा. जहाज इतकं हळू चाललं होतं की आवाजच नव्हता. एका बेटावर एकच लाल घर, शेजारी झेंड्याची काठी, पुढे लाकडी फळ्यांचा छोटा धक्का आणि त्यावर आंघोळीच्या पंचात एक आजोबा उभे. त्यांनी हात केला. जहाजावर अकराशे माणसं आणि उठून बाहेर आलेले आम्ही सातजण, सातही जणांनी हात केला. मग त्यांनी शांतपणे पंचा खाली ठेवला आणि पाण्यात उडी मारली. पाणी किती गार असेल!

आता तास. "८ ते ५" म्हणजे नऊ तास नव्हेत. उतरायला परवानगी मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो आणि सुटायच्या अर्धा तास आधी, कधी त्याहून आधी, सगळ्यांनी आत पाहिजे. म्हणजे साडेसात तास, त्यात येणंजाणं वजा करा. एखाद्या शहरात जहाज रात्रभर थांबणार असेल तर त्या क्रूझला मी दोन मार्क जास्त देते. घड्याळाचा घोळ पण लक्षात ठेवा, डेन्मार्क-स्वीडन-नॉर्वे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आणि फिनलंड-एस्टोनिया-लातविया अडीच तास मागे. फोन आपोआप वेळ बदलतो, जहाज बदलतंच असं नाही, ते सांगतील ती जहाजाची वेळ. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा आणि त्याच्यावरच चाला. स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही, त्यांच्या टूरची बस उशिरा आली तर थांबतं. एवढ्यासाठी जहाजाची महागडी टूर घ्यायची का? टालिन-ओस्लोत अजिबात नाही. नीनेसहामहून स्टॉकहोम करायचंच असेल तर मात्र घ्या, पैसे जातील पण जीव टांगणीला लागणार नाही.

तिसरं: जहाज केवढं

इथे वरचं सगळं एकत्र येतं. तीन-चार हजार माणसांचं जहाज स्वस्त पडतं, वर शो, पाण्याची घसरगुंडी, मुलांचा क्लब, पण त्याला लांबचा धक्का मिळण्याची शक्यता जास्त. हजार-बाराशे माणसांचं जहाज शहराच्या आतपर्यंत जातं, उतरायला रांग कमी, आणि माणशी भाडं बरंच जास्त. मुलं दहा-बारा वर्षांची असतील आणि त्यांना दगडी चर्चं बघून जांभया येणार असतील तर मोठं जहाज घ्या आणि स्टॉकहोमवर पाणी सोडा. आई-वडलांना घेऊन शहरं बघायला जाताय तर लहान घ्या, त्यासाठी दोन रात्री कमी केल्या तरी चालतील.

केबिनचं गणित इथे थोडं उलटं आहे. आपल्याकडे सगळे बाल्कनी बाल्कनी करतात. बाल्टिकमध्ये जूनला हेलसिंकीत १९ तास उजेड असतो, सूर्य रात्री पावणेअकराच्या पुढे मावळतो आणि त्यानंतर सुद्धा नीट अंधार होत नाही. अशा वेळी बिनखिडकीची आतली केबिन म्हणजे वरदान, मस्त काळोखात झोप लागते आणि वाचलेल्या पैशात चार चांगली जेवणं होतात. बाल्कनीत तसंही वाऱ्यामुळे फार वेळ बसवत नाही आणि बेटं बघायला दोन्ही बाजू हव्यात, म्हणजे डेकच बरा. फक्त बंद खोलीत घुसमट होणाऱ्यांनी खिडकीची घ्या आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. बोट लागत असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची. "गॅरंटी केबिन" म्हणजे नंबर ते देतील तो, स्वस्त असते, पण डिस्कोच्या खाली पण येऊ शकते.

चौथं: महिना

आपल्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे मुलं असलेल्यांना मेचा शेवट आणि जूनचे पहिले दहा दिवस, एवढीच फट. वाईट नाहीये, गर्दी कमी, उजेड भरपूर, फक्त गारवा जास्त. मेच्या सुरुवातीला जाऊ नका, हेलसिंकीत तेव्हा नुकती पालवी फुटत असते आणि वारा कापतो.

मुलांचं बंधन नाही त्यांनी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा बघा, भाडी उतरलेली असतात आणि संध्याकाळी चक्क अंधार पडतो, शहरातले दिवे दिसतात. जुलै सगळ्यात उबदार, पण गर्दीचा आणि महाग, शिवाय स्वीडन-फिनलंडची माणसं स्वतःच सुट्टीवर गावाकडे गेलेली असतात, काही हॉटेलं बंद.

जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बुक करताना मिडसमर, म्हणजे तिकडचा उन्हाळ्यातला मोठा सण, कधी आहे ते आधी तपासा. स्वीडनमध्ये १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी त्याची मुख्य धामधूम असते, फिनलंडमध्ये पण त्याच वेळी, एस्टोनियात २३-२४ जूनला सुट्टी. शहर रिकामं होतं, दुकानं बंद, बरीच म्युझियम पण बंद. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी बाजारात जाऊन बघा कसं वाटतं, तसं.

पाचवं: खरी किंमत काढा

जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि तो सुद्धा एका केबिनमध्ये दोघं धरून. एकटे जाणार असाल तर बहुतेक वेळा दोघांचे भरावे लागतात. त्यावर बंदर कर, आणि त्यावर टिप्स. टिप्स म्हणजे मनात आलं तर द्यायच्या असं नाही, मोठ्या अमेरिकन कंपन्या माणशी रोज १५ ते २० डॉलर थेट बिलात लावतात. दोघांचे सात रात्रींचे झाले २१० ते २८० डॉलर. युरोपियन कंपन्यांत कमी किंवा भाड्यातच धरलेल्या असतात, विचारून घ्या.

ड्रिंक पॅकेज दिवसाला किती पडतं ते बघून आपण खरंच तेवढं पिणार का याचा प्रामाणिक विचार करा. आम्ही चहा-पाणीवाले, आम्ही कधी घेतलं नाही. भारतातून पॅकेज बुक केलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापला जातो, तो रिटर्न भरताना क्रेडिट मिळतो, पावती ठेवा.

आणि फोन. जहाज सुटलं की एअरप्लेन मोड, हे घरातल्या प्रत्येकाला शपथ घालून सांगा. समुद्रावर फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर ऐकून बोट लागल्यासारखं होतं. आमच्या घरात एका रात्रीत नुसत्या बॅकग्राउंडला फोटो अपलोड होऊन चार आकडी बिल आलं. युरोपचं एक ई-सिम घेतलं की डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, एस्टोनिया, लातविया सगळीकडे चालतं, घ्यायच्या आधी यादीत नॉर्वेचं नाव आहे ना तेवढं बघा.

सहावं: व्हिसा आणि विमान

हे सगळे देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे एकच व्हिसा. अर्ज कुठल्या देशाकडे, यात लोक अडकतात. नियम असा की जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, सारखेच दिवस असतील तर जिथे पहिला प्रवेश तिथे. क्रूझमध्ये प्रत्येक देश एकेक दिवस, मग सोपा मार्ग म्हणजे क्रूझ सुरू होते त्या शहरात आधी दोन रात्री हॉटेल घ्या. कोपनहेगनला दोन रात्री राहिलात की डेन्मार्कचे दिवस आपोआप जास्त होतात आणि अर्ज डेन्मार्कचा. तसंही आदल्या दिवशी पोचायचंच असतं, विमान चुकलं म्हणून जहाज थांबत नाही.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी करायलाच लागतो, पण उन्हाळ्यासाठी १५ दिवसांच्या भरवशावर राहाल तर रडाल. अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. जूनला जायचंय तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कागद तयार ठेवा. मोठ्यांची फी ९० युरो, सेंटरचा चार्ज वेगळा, आणि निदान ३०,००० युरो कव्हरचा प्रवास विमा लागतो. कागदांमध्ये क्रूझचं कन्फर्मेशन आणि बंदरांची तारीखवार यादी जोडा.

साउदॅम्प्टन किंवा डोव्हरहून सुटणारी क्रूझ स्वस्त दिसते म्हणून भुलू नका, त्याला शेंगेनशिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. शिवाय तिथून बाल्टिकमध्ये शिरायलाच दिवस जातो.

सातवं: उतरल्यावर काय, थोडक्यात

प्रत्येक शहरात दोनच गोष्टी ठरवा. आम्ही पहिल्या खेपेला सहा-सहा ठरवायचो आणि आईचे गुडघे संध्याकाळी बोलायचे.

कोपनहेगनला दोन दिवस आहेत म्हणून थोडं जास्त. न्यूहाउनच्या रंगीत घरांसमोर सगळे जातातच. जलपरी बघायला जायचं तर जा, १९१३ चा पुतळा, उंची जेमतेम सव्वा मीटर, "एवढीशी?" असं प्रत्येकजण म्हणतो. मी सांगेन गोल मनोरा बघा, १६४२ चा, आत पायऱ्या जवळजवळ नाहीतच, गोल गोल फिरत जाणारा चढता रस्ता आहे, त्यामुळे वयस्कर माणसं पण सावकाश वर जातात.

हा मनोरा बांधणारा राजा चौथा क्रिस्चियन, त्याच्याच काळात डॅनिश लोकांनी १६२० साली तमिळनाडूत तरंगमबाडीला ठाण मांडलं. पुढे बंगालमधलं श्रीरामपूर पण त्यांच्याकडे होतं आणि विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं मराठीचं व्याकरण १८०५ साली तिथल्याच मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं. इंग्रजांच्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा नव्हता म्हणून ते डॅनिश झेंड्याखाली जाऊन बसले होते. मनोऱ्यावर वाऱ्यात उभं राहून मी हे नवऱ्याला सांगत होते आणि त्याला खाली हॉटडॉगची गाडी दिसली होती, असो.

स्टॉकहोममध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर वासा म्युझियम. १० ऑगस्ट १६२८ ला स्वीडिश राजाचं भलंमोठं युद्धनौका-जहाज पहिल्याच सफरीला निघालं आणि सव्वा-दीड किलोमीटर पण गेलं नाही तोच सगळ्या गावादेखत आडवं झालं आणि बुडालं. वरचा भाग जड, तळाला वजन कमी, तोफांच्या खिडक्या उघड्या, झुळूक आली, पाणी आत. ते १९६१ मध्ये वर काढलं, ३३३ वर्षांनी, आणि जवळजवळ अख्खं. बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा जगत नाही म्हणून ते टिकलं. आत अंधारात एकदम ते काळं धूड समोर येतं, मान वर करत करत बघायला लागतं. पहिल्या खेपेला आम्हाला इथे चाळीस मिनिटं मिळाली होती. दोन तास ठेवा.

हेलसिंकीत बाजारचौकातून सार्वजनिक फेरीने सुओमेनलिन्नाला जा, पंधरा-वीस मिनिटं, शहराच्या बस-ट्रामचंच तिकीट चालतं. १७४८ मध्ये बांधायला घेतलेला समुद्री किल्ला, पण आता गवत, तोफा आणि आइस्क्रीम खाणारी कुटुंबं. जंजिरा डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर निराश व्हाल. परतताना पाऊस लागला तर स्टेशनजवळ ओडी नावाचं २०१८ चं वाचनालय आहे, फुकट, ऊबदार, स्वच्छ टॉयलेट.

टालिनला चौकातलं औषधाचं दुकान १४२२ पासून नोंदीत आहे आणि अजून चालू आहे, आईने तिथे हट्टाने गोळ्या घेतल्या. वरच्या गावात जायला दोन रस्ते, एकाचं नाव लांब पाय, दुसऱ्याचं आखूड पाय. गुडघे दुखत असतील तर लांब पायानेच जा, आखूड पाय म्हणजे पायऱ्या. सगळीकडे गोटे बसवलेले रस्ते, तळवा जाड असलेले बूट हवेत.

रीगाचा मोठा बाजार झेपेलिनच्या, म्हणजे जुन्या अजस्र हवाई जहाजांच्या, हँगरमधून उभारलाय, १९३० पासून चालू, तिथली राईची काळी भाकर विकत घ्या. ओस्लोला ऑपेराच्या उतरत्या छतावर चालत जाता येतं, पैसे लागत नाहीत, आणि त्या दिवशी सकाळी लवकर उठा म्हणजे फियॉर्डमधून, म्हणजे जमिनीत लांब शिरलेल्या अरुंद खाडीतून, आत येताना दिसेल.

बॅग आणि पोट

एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या, वर वारा अडवणारं काहीतरी, कानटोपी नक्की. छत्री वाऱ्यात उलटी होते. स्वीडनमध्ये रोख पैसे बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत, दोन कार्डं वेगवेगळ्या खिशात ठेवा. नळाचं पाणी सगळीकडे पिता येतं, बाटली भरून घ्या. घरून पेढे, बर्फी, तुपातलं, दुधाचं काही नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चटणी, लाडूऐवजी चिक्की, खाकरे चालतात. छोटी किटली किंवा इस्त्री बहुतेक जहाजांवर जप्त होते. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला जाऊन भेटा. आमचा वेटर गोव्याचा होता, तिसऱ्या दिवसापासून आईसाठी वरणभात यायला लागला, मेन्यूवर नव्हता.

एवढं सगळं नको असेल तर

क्रूझचं बजेट जमत नसेल किंवा आठ दिवस जहाजावर राहायची कल्पनाच नको वाटत असेल तर स्टॉकहोम-हेलसिंकी रात्रीची फेरी बघा. तिला फेरी म्हणतात पण दहा-बारा मजली जहाज असतं, केबिन, बुफे, गाणंबजावणं सगळं, आणि भाडं क्रूझच्या एका रात्रीपेक्षा बहुतेक वेळा कमी. मध्यरात्रीच्या सुमारास ओलांड बेटांवर थोडा वेळ थांबते, ती बेटं युरोपियन युनियनच्या कर-क्षेत्राबाहेर असल्यामुळे जहाजावर ड्यूटी-फ्री दुकान चालतं आणि स्थानिक लोक त्याच्यासाठीच चढतात, वीकेंडला गोंगाट असतो, म्हणून मधल्या वारी जा. कोपनहेगन दोन रात्री, ट्रेनने स्टॉकहोम दोन रात्री, फेरीने हेलसिंकी, दुसऱ्या दोन तासांच्या फेरीने टालिन, झाल्या की चार राजधान्या. स्टॉकहोमची फेरी संध्याकाळी निघते म्हणून बेटं पूर्ण उजेडात दिसतात, जेवण उशिरा करा आणि आधी डेकवर जागा पकडा. आणि यातली एक कंपनी सुटते स्टाट्सगॉर्डनच्या धक्क्यावरून, जुन्या शहरापासून वीसेक मिनिटं चालत.